तो अंगठा कोणाचा

वार मंगळवार, सकाळचे दहा. हजर: ठाणेदार म्हणून मी, नोंदी ठेवणारे जमादार, नऊ शिपाई, आणि नुकतीच बदलून आलेली एक महिला शिपाई. वर्धा जिल्ह्यातल्या माझ्या ठाण्यात हरवलेल्या मुलांच्या तपासाचे प्रशिक्षण मीच देत होतो. निवृत्त झालो तरी ती सकाळ विसरलेलो नाही.

भाषण न देता मी मिसिंग रजिस्टरमधली बंद प्रकरणे वाटली. म्हणालो, "चुका शोधा." चूक माझ्याच सहीच्या कागदात निघेल असे वाटले नव्हते.

महिला शिपाईच्या हाती चौदा वर्षांच्या एका आदिवासी मुलीचे प्रकरण आले. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने तिला ठाण्यात आणून हजर केले, 'मिळून आली' अशी नोंद झाली, जबाबाखाली तिचा अंगठा. घरी पोचवतो म्हणून मुकादमच तिला परत घेऊन गेला होता.

"साहेब, तक्रारीत पोरगी आठवीत लिवली हाये. मंग आंगठा काऊन लावंल?"

जमादार हसले. "भ्याली असंल ना बाई."

"भ्यालं का सही इसरते, जमादारसाहेब?"

मी मुलीच्या आईला बोलावून घेतले. घरी गोंडी बोलणारी बाई. तिचे बोलणे कळत नाही, असे आम्ही धरून चाललो होतो. त्या दिवशी सगळे कळले.

"दोनदा आल्ती मी. हे म्हनत, तुई पोरगी मिळाली, घरी जाय. मिळाली त कुठं हाये?"

जमादारांनी मान खाली घातली.

मुकादम आला तो खुर्ची ओढून बसलाच. "काऊन बलावलं साहेब? केस त तुमीच बंद केली. सही तुमची हाये."

"आहे. मुलगी कितवीत?"

"आठवीत. लय हुशार."

"लिहिता येतं?"

"येते ना!"

मी जबाब पुढे सरकवला. त्याने अंगठा पाहिला आणि पाणी मागितले.

शाळेतून फोटो आणवला. जमादार म्हणाले, "ही नव्हती साहेब." तपास थांबावा म्हणून मुकादमाने भलतीच मुलगी उभी केली होती. त्यानेच कामाला नेऊन ठेवलेली खरी मुलगी नागपुरात एका घरी भांडी घासत होती, दाराला बाहेरून कुलूप. तिला सोडवून बाल कल्याण समितीपुढे नेले. तिथे आईने तिला घट्ट धरले. अपहरणाचा गुन्हा पहिल्या दिवशीच नोंदवायला हवा होता, तो तेव्हा नोंदवला.

मूल हरवले म्हणणाऱ्या आईवर आम्ही संशय घेतला, मिळाले म्हणणाऱ्यावर नाही. पुढच्या प्रत्येक प्रशिक्षणात मी हेच प्रकरण वाटले. मिळालेले मूल आणणाऱ्यापासून वेगळे बसवा. घरच्यांनी ओळखल्याशिवाय कागद बंद करू नका.

त्या दुसऱ्या मुलीबद्दल मुकादम एवढेच बोलला, "बसस्टँडवर होती साहेब. नाव नाई इचारलं."

मीही विचारले नव्हते. ती माझ्या टेबलासमोर बसली होती आणि मी मुकादम सांगेल ते नाव लिहून घेतले. ती हरवल्याची तक्रार आम्हाला कुठल्याच ठाण्यात सापडली नाही. पदभार सोडताना पुढच्या ठाणेदाराला दिलेल्या अपुऱ्या कामांच्या यादीत पहिली ओळ तिची होती. माझ्या वहीत त्या ओळीपुढे अजून बरोबरची खूण नाही.