बुशकोटवाल्याची परंपरा

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं, तेव्हा पांढरकवड्याच्या बसस्टँडवर ती बंजारा बाई मला एकदाच दिसली. आरसे जडवलेली काचोळी, घेरदार घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या आणि एवढं सगळं अंगावर असताना डोक्यावर तुरीचं गाठोडं. नवऱ्याच्या अंगात इस्त्रीचा बुशकोट, हातात कंगवा. भांग पाडता पाडता तो आम्हा बाकावरच्यांना समजावत होता, "आमचे बाप-आजे बैलावर मीठ लादून मुलूखभर फिरत. आता तांडा शेतीले लागला. पन बायांनी हा पोशाख सोडला, तं समाजाची वळखच बुडते."

"आणि तुमची पगडी?" मी विचारलं.

"मले कचेरीत जा लागते ना, साहेब!"

तिनं गाठोडं खाली ठेवलं. बांगड्या वर सारून खालची सोललेली कातडी ओढणीनं पुसली आणि कुणाकडे न बघता म्हणाली, "फिरनं सुटलं, बैल इकले, याची पगडी गेली. लादनं तेवढं सुटलं नाही. बैल नाहीत, म्हनून माह्यावर लादते."

बाकावरचे आम्ही सगळे पँटवाले. आमच्या नऊवारीतल्या बायका खाली ट्रंकांवर बसल्या होत्या. त्या हसल्या, तसे आम्ही एकदम बस आली का ते बघायला लागलो.