मार्थाने रेघ ओलांडली नाही

अकोल्याला लेकीकडे गेले होते. जुन्या शहरातल्या तिच्या गल्लीत सकाळी इतका गलका असतो, की फोन वाजलेला कळत नाही. कळला तेव्हा उचलला, तर पलीकडे रीना, मार्थाची सून. म्हणाली, "मावशी, आई पहाटे गेल्या." माझ्या हातात निवडायला घेतलेली मेथी होती. मी वेड्यासारखी ती जुडी संपेपर्यंत निवडत बसले, आणि मग लेकीला म्हटलं, चल, मला अमरावतीच्या बसमध्ये बसवून दे. वाटेत मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मला काही दिसलं नाही. एकच गोष्ट मनात घोळत होती... बरं झालं, त्या मंगळवारी मी तिला भेटून आले. त्या मंगळवारचं सांगते, पण त्याआधी मार्था कोण होती ते सांगायला हवं.

मार्था सोनोने आमच्या शाळेत पी.टी.ची बाई होती आणि मी मराठीची. ती चांदूर रेल्वेची, ख्रिस्ती घरातली. मी अमरावतीच्या वेशीवर फुलांचे मळे करणाऱ्या माळ्याची लेक. सुरुवातीला आमचं अजिबात जमत नसे. माझ्या तासाच्या पोरी ती मैदानावर ओढून न्यायची आणि मी स्टाफरूममध्ये तिच्या नावानं बोटं मोडायची. सराव सुरू करण्याआधी ती उन्हात डोळे मिटून मिनिटभर उभी राहायची. एकदा मी टोमणा मारला, "मार्थाबाई, तुमच्या देवाले घाम लय आवडते वाटते." तिनं डोळेही उघडले नाहीत. "आवडते ना वं. अत्तर लावून त कोणीबी येते."

श्रद्धेला त्यांच्या शास्त्रात शर्यतीची उपमा दिलेली आहे, हे मला तिनंच सांगितलं. त्यावर त्यांच्या चर्चचे पाळकसाहेब प्रवचन करायचे, तेव्हा ते बक्षिसाबद्दल आणि मुकुटाबद्दल बोलायचे म्हणे. मार्थाला बक्षिसात रस नव्हता. तिचं सगळं लक्ष रेघेवर. लांब पल्ल्याच्या शर्यतीत मैदानाच्या आतल्या अंगाला फक्कीची पांढरी रेघ असते. तिच्या आत पाय टाकून जो धावपट्टीवरून उतरला, तो बाद. पोरींना ती एवढंच शिकवायची, "मांगं राह्यल्या त राहू द्या. धाप लागली त चाला. रडू आलं त रडत चाला. पण रेघंच्या आत पाय टाकला का शर्यत खतम."

अकोल्याला शाळांच्या स्पर्धा होत्या. मुलींसोबत बाई माणूस हवं म्हणून मला धाडलं होतं. मोठ्या शर्यतीत आमची संगीता, बार्शीटाकळीची, मामाकडे राहून शिकणारी, सगळ्यांच्या मागे पडली. बाकीच्या पोहोचल्या, पाणी पिऊन बसल्या, आणि ही आपली पोटाला हात लावून चालतच होती. आयोजकांनी बक्षीस समारंभासाठी मैदानात खुर्च्या मांडायला घेतल्या, त्याही नेमक्या धावपट्टीवर. मार्थानं जाऊन एकेक खुर्ची उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. माईकवाले गृहस्थ धावत आले. "म्याडम, शेवटचीच हाये ते पोरगी. लिवून टाकतो. बोलवा तिले बाहीर."

"शेवटचीच लिवा," मार्था म्हणाली. "पण पोहचू त द्या."

"पाहुणे खोळंबले ना आमचे."

"पाहुण्यायले सांगा, शर्यत सुरू हाये."

माझा जीव भुकेनं कासावीस झालेला, त्यात परतीची पॅसेंजर गाठायची. संगीता आली एकदाची. मार्थानं ना टाळ्या वाजवल्या, ना पोरीला जवळ घेतलं. पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, लगेच बसू नको, पाय धरतील. गाडी अर्थातच चुकली. फलाटावर मी तिला फाडफाड बोलले, की शेवटच्या नंबरापायी तू आम्हा सगळ्यांना इथं बसवलंस. तिनं डब्यातली शेवटची पोळी माझ्या हातात ठेवली. "गाडी दुसरी येते वं पुष्पे. ते पोट्टी आज उतरली असती त जिंदगीभर उतरत राह्यली असती." तोवर मी तिला 'पुष्पाबाई' होते. त्या फलाटावर 'पुष्पे' झाले आणि शेवटपर्यंत तेच राहिले.

मग सुनील गेला. तिचा एकुलता एक. नवरा आधीच वारलेला, मुलाचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि रस्त्यावर एका ट्रकनं सगळं संपवलं. कब्रस्तानात मी तिच्या शेजारी उभी होते. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, सगळे 'आमेन' म्हणाले, रीनासुद्धा हुंदक्यातून म्हणाली. मार्थाचे ओठ मिटलेले होते. मला वाटलं, बाई सुन्न झाली आहे. पण नंतरच्या प्रार्थनांतही तिनं तो शब्द उच्चारला नाही. शेवटी मी विचारलंच.

"आमेन म्हंजे काय, मालूम हाये का तुले?" ती म्हणाली. "असंच होवो. माहं लेकरू मातीत ठेवून मी असंच होवो म्हणू? माह्यानं नाई होत."

मी भडकले. मला तिचं दुःख बघवत नव्हतं, आणि राग काढायला देवच सापडला. म्हटलं, मग जातेस कशाला त्याच्या दारात? मी असते तर त्याचं तोंड पाहिलं नसतं. मार्था म्हणाली, "म्हंजे रेघंच्या आत पाय टाकू?"

त्यानंतर कितीतरी वर्षं ती दर रविवारी चर्चला गेली. मागच्या बाकावर बसायची. गीतांचं पुस्तक उघडं, तोंड बंद. लोक काय, बोलणारच. बाईंचा विश्वास गेला म्हणाले. पाळकसाहेब समजूत घालायला घरी आले, तर त्यांना चहा देऊन ही म्हणाली, "साहेब, मी लय मांगं हाये, पण मैदानात हाये." रीना एकदा म्हणाली, आई, तुमच्या वाटचं आमेन मी म्हणत जाईन. त्यावर उत्तर, "दुसऱ्याच्या पायानं आपली फेरी होत नसते, बाई." निवृत्त झाली, गुडघे गेले, हातात काठी आली, तरी रविवार चुकला नाही. मी विचारलं होतं, तिथं बसून काही वाटतं का गं तुला? म्हणाली, "काईच नाई. पाय दुखतात."

देवाकडे नाचत-गात जाणारे मी पुष्कळ पाहिलेत, आमच्यातले आणि त्यांच्यातलेही. त्याच्याशी अबोला धरून, तरी नेमानं त्याच्यासमोर जाऊन बसणारी ही एकच. मला तिचा अभिमान वाटायचा. आणि भीतीही वाटायची, की ही अशी कोरडीच जाईल. इतकं चालून हिच्या पदरात काहीच पडणार नाही, या विचारानं माझा जीव तुटायचा.

तर तो मंगळवार. डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं होतं, म्हणजे काय ते आम्ही समजलो होतो. पाळकसाहेब परगावी. मार्था डोळे मिटून पडलेली, श्वास वर वर चाललेला. रीना म्हणाली, "मावशी, तुम्हीच करा प्रार्थना. माझा आवाज फुटत नाही." मी जन्मात आरतीपलीकडे काही म्हटलेलं नाही. पण नाही म्हणवेना. हात जोडले, डोळे मिटले आणि तोंडातून पहिलं निघालं ते "देवा नारायणा." जीभ चावली. पण सुरू केलं ते केलं, आता माघार कुठली? म्हटलं, "देवा, हिनं तुले इतके वर्ष काई मांगितलं नाई, अन् तू बी हिच्याशी बोलला नाई. पण हे आली रे चालत चालत. आता हिचं पोरगं हिले भेटू दे. बाकी तुमच्या दोघायचं तुमी पाहून घ्या." आणि पुढं काय म्हणतात ते आठवेना. मी तशीच हात जोडून अडकून बसले.

खाटेवरून आवाज आला, जड, घोगरा, पण स्वच्छ. "आमेन."

मी डोळे उघडले. रीनानं तोंडावर पदर धरला होता. मार्थाचे डोळे मिटलेलेच होते, पण ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. "नारायण काय वं," ती म्हणाली, "बह्याड, येडी कुठली." त्यानंतर ती माझ्याशी काही बोलली नाही. मी तिचा हात धरून बसले आणि मनसोक्त रडले.

आता आमच्या घरी सांजेला आरती होते. नातवंडं टाळ्या पिटतात, सूनबाई कापूर फिरवते, शेवटी सगळे 'मोरया' म्हणतात आणि माझ्या तोंडून 'आमेन' निघून जातं. पहिल्यांदा निघालं तेव्हा पोरं खो खो हसली, सूनबाईनं माझ्याकडे चमकून पाहिलं. आता कोणी हसत नाही. माझं म्हणून होईस्तोवर ती ताट धरून थांबते, मगच प्रसाद वाटते.