डाव्या वळणावर

उजवं वळण मला कधी अडलं नाही. डावं आलं की मात्र गाडी हट्टाला पेटायची. मी म्हणायचो वळ, ती म्हणायची सरळ जाऊ, आणि दोघांच्या ओढाताणीत आम्ही रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, समोरून येणाऱ्यांच्या हद्दीत जाऊन पोचायचो. शिरूर अनंतपाळहून देवणीकडं येताना एका पाझर तलावाच्या कडेनं रस्ता असाच डावीकडं वळतो. तिथं एका सकाळी समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. त्याच्या पुढून मी कसा निसटलो ते आजही सांगता येणार नाही. ट्रॅक्टरवाला खाली उतरून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता आणि मी पलीकडच्या बाभळीत, गाडीवर बसलेलाच, शर्टातून काटे काढत होतो.

घरी बायकोनं ओरखडे पाहिले. ती जास्त बोलत नाही, पण एकदा बोलली की पुन्हा बोलावं लागत नाही. "एक तर नीट शिका, न्हाईतर विकून टाका," ती म्हणाली. "मला लेकरं एकटीनं वाढवायची हौस न्हाई."

विकायची माझी बिलकुल तयारी नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर घेतलेली स्पोर्ट बाईक होती ती. निळी, पुढं झुकलेली, हँडल खाली आणि पाय मागं. तिच्यावर बसलेला माणूस रानात खुरपायला बसल्यासारखा दिसतो, असं आमच्या गल्लीचं मत. मागची सीट अर्ध्या पाटाएवढी, तीही उंचावर. बायको एकदा तिच्यावर बसली, कोपऱ्यापर्यंत आली आणि उतरून चालत घरी गेली. तेव्हापासून मी एकटाच हिंडायचो. खरं सांगतो, पहाटे त्या गाडीवर निघालं की पुरतं जागं न होताच घराबाहेर पडल्यासारखं वाटायचं. उजेड धड झालेला नसायचा, तुरीच्या रानातून गार हवा यायची. आपण कुठंच जात नाही, रस्ताच आपल्या खालून सावकाश मागं चाललाय, असा भास व्हायचा. एवढं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही. म्हणून शिकायला गेलो.

नांदेडच्या बाहेर एक नवा रस्ता बांधून तयार होता, पण वाहतुकीला अजून उघडलेला नव्हता. तिथं दर रविवारी काही पोरं आपापल्या गाड्या घेऊन जमायची आणि एक मुलगी त्यांना शिकवायची. इस्लापूरकडची, पंचविशीतली, सहस्रकुंडाच्या रस्त्यावर पडत-धडपडत तयार झालेली. मी हेल्मेट काढलं तसं तिनं माझ्या पिकल्या केसांकडं पाहिलं.

"काका, पोराला सोडायला आलात का?"

"नाही. शिकायला आलोय."

"मग या की. लाजून काय राहिलात?"

तिचं शिकवणं सरळ होतं. गाडी हातांनी धरायची नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची. कोपरं ढिली. वळणाच्या आधीच बूड त्या बाजूला सरकवून अर्धं सीटबाहेर काढायचं आणि छाती त्या बाजूच्या आरशाकडं न्यायची. ज्या बाजूला वळायचं त्याच बाजूचं हँडल हलकेच पुढं ढकलायचं. हे ऐकून मला हसू आलं, पण करून पाहिलं तर गाडी खरंच त्या बाजूला कलली. आणि नजर? नजर वळण संपतं तिथं. चाकासमोरच्या खड्ड्याकडं बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते, माणसाचंही तसंच होतं, असं ती म्हणायची. बूड कसं सरकवायचं हे एवढ्या लहान पोरीकडून शिकताना मी घामाघूम व्हायचो आणि पोरं तोंड फिरवून हसायची.

एका बाबतीत मात्र तिनं मला सगळ्यांसमोर मान दिला. "काकांचा ब्रेक बघा रे," ती म्हणाली. "कधी लावला, कधी सोडला कळत न्हाई. कुठं शिकलात हो काका?"

"आला असाच," मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

डावं वळण काही सुधरेना. दोन-तीन रविवार तिनं पाहिलं, मग एके दिवशी दोन पोरांना माझी गाडी सरळ उभी धरायला लावली. मला वर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाली, "आता आरामात, सरळ बसा." मी बसलो. ती मागं गेली. मग तिनं मोबाईलवर काढलेला फोटो माझ्यापुढं धरला. फोटोत माझी पाठ होती. ती सीटच्या मधोमध नव्हती. चांगली वीतभर उजवीकडं सरकलेली होती आणि उजवा खांदा खाली गेला होता.

"तुमच्या मागं कोण बसतं?" तिनं विचारलं.

"कोणी नाही."

"मग तुम्ही कोणाला तोलून राहिलात?"

मला उत्तर माहीत होतं. मी गाडीवरून उतरलो आणि रस्त्याकडेच्या सिमेंटच्या पायपावर जाऊन बसलो.

मी गाडी शिकलोच माझ्या मायला मागं बसवून. वडील सायकलवाले, त्यांनी मोटारसायकलला कधी हात लावला नाही. माय देवणी तालुक्यातल्या एका उपकेंद्रात नर्स होती. तिला सगळे सिस्टर म्हणत. पांढरी साडी, पायात काळ्या चपला, मांडीवर लसीचा निळा डबा. मी अठरा वर्षांचा झालो तसा वाड्या-वस्त्यांवर तिला मीच न्यायला लागलो. ती एका बाजूनं बसायची, पाय डावीकडं सोडून. आमच्याकडच्या सगळ्याच बाया तशा बसत. दोन्हीकडं पाय टाकून बसलेली सिस्टर गावानं पाहिली असती तर लस राहिली असती बाजूला आणि चर्चा महिनाभर चालली असती. तिचा आणि डब्याचा सगळा भार डावीकडं पडायचा. मग मी उजवीकडं सरकायचो. कुणी शिकवलं नाही, अंगानंच ते शिकून घेतलं.

तिचा उजवा हात माझ्या खांद्यावर आणि डावा डब्यावर असायचा. डब्यात लसीभोवती बर्फाच्या चपट्या पिशव्या असत. गाडी दचकली की त्या एकमेकींवर आपटून खट् असा आवाज व्हायचा, आणि त्याच क्षणी माझ्या खांद्यावर थाप पडायची. "आरं बाबा, लस हाय डब्यात, दगडं न्हाईत." काही घरांत तिला पाणी अजून वरूनच ओतत. तिच्याच हातची सुई आपल्या लेकरांना टोचून घ्यायचे, वर पाणी असं! मग मी रागानं गाडी पिळायचो. तेव्हाही तीच थाप पडायची. "राग तुझा हाय, डबा सरकारचा हाय. हळू." तो मऊ ब्रेक मला असा आला होता.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आम्ही सर्वांत जास्त हिंडलो. ती रिटायर व्हायला आली होती. मी विनाअनुदानित शाळेत शिकवायचो, म्हणजे तसा रिकामाच. टँकर जिथं जिथं रिकामे होत तिथं ती पाणी तपासायला आणि विहिरीत पावडर टाकायला जाई. तो उन्हाळा आठवला की मला तो खराखुरा झाला होता की नाही असं वाटतं. तलावांच्या तळाशी काळी माती भेगाळून पडलेली, बांधावर बसून राहिलेली जनावरं, लांबवर रस्त्यावर पाणी साचलंय असं दिसायचं आणि आपण पोचलो की ते आणखी पुढं सरकायचं. आवाज म्हणून नाही. फक्त आमची गाडी आणि मागून तिचं हळूहळू बोलणं.

एका बाजूनं बसल्यामुळं तिला रस्ता कधी दिसलाच नाही. जाताना डावीकडची रानं दिसत आणि येताना दुसऱ्या बाजूची. परतीला निघालो की ती म्हणायची, "चल, आता ही बाजू बघते." कुणाची विहीर आटली, कुणी आंबा तोडला, कुणाच्या दारात देवणी गाय राहिली आणि कुणी बाजारात नेली, हे सगळं तिला पाठ. मी नुसता रस्ता बघायचो.

त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार म्हणून हॉटेला-हॉटेलात चर्चा होती. लोक प्यायला पाणी नसताना कलेक्टर ऑफिस कुठं बांधायचं यावर भांडत. मायला त्याचं हसू यायचं. "लातूर जिल्हा झाला तवा मी नवी नवी कामाला लागले," ती सांगायची. "समदे म्हणले, आता जिल्हा झाला, आता समदं दारात येईल. दारात कोण आलं? मीच आले डबा घेऊन."

दुपार कलली, लस संपली की ती डबा उघडायची. बर्फ अर्धा विरघळलेला असे. त्यातली एक पिशवी काढून मागून माझ्या मानेवर ठेवायची. साऱ्या तालुक्यात गार म्हणावं असं तेवढंच होतं. मी गाडी आणखी हळू करायचो, घर लवकर येऊ नये म्हणून.

ती रिटायर झाली आणि दुसऱ्याच वर्षी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. त्या वर्षी पाऊसही चांगला होता. मला अजून त्याचा राग येतो.

पायपावर बसून हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. एवढं एका दमात मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं. शेवटी म्हणालो, "राहू दे मला वाकडंच. तिची तेवढीच जागा राहिलीय."

ती म्हणाली, "काका, त्यांना खाली उतरवा असं मी म्हणून नाही राहिले. पण समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला त्या दिसत न्हाईत."

मी उठलो आणि सीटच्या मधोमध बसायला शिकू लागलो. मधोमध बसलं की मला डावीकडं पडतोय असं वाटायचं. पाठ दुखायची. मांड्या भरून यायच्या. घरी खुर्चीत बसलो तरी बायको म्हणायची, "पुन्हा कलंडलात." सरळ होताना आपण काहीतरी पुसून टाकतोय, आणि तेही आपल्याच हातानं, असं सारखं वाटत राहायचं. दोनदा मी रविवार बुडवला. तिसऱ्या रविवारी बायकोनंच हेल्मेट पुसून दारात ठेवलं.

पावसाळा सरला, तेव्हा मी लातूरहून एकटा घरी निघालो. मुद्दाम शिरूर अनंतपाळवरून. सकाळ होती, रस्ता कोरडा होता. सोयाबीन काढून झालेलं, रानं मोकळी होती. ते वळण जवळ यायला लागलं. बाभळ तिथंच होती.

मी ब्रेक हलकेच लावला आणि हलकेच सोडला. गुडघ्यांत टाकी धरली. डावीकडं सरकलो, अर्धं बूड सीटबाहेर, छाती आरशाकडं. डावं हँडल पुढं ढकललं आणि मान वळवून वळणाच्या टोकाकडं नजर लावली. गाडी कलायला लागली, एकदाही न भांडता.

आणि मला ती बाजू दिसली. आयुष्यभर मी या रस्त्यानं गेलो, पण डावीकडं मान वळवून कधी पाहिलं नव्हतं. ते काम मायचं होतं. तलाव काठापर्यंत भरलेला होता, पाण्यात ढग होते, बांधावर एक गाय उभी होती, आणि हे सगळं तिला दिसायचं तसंच आडवं, सावकाश सरकत होतं. तिला तोलत उजवीकडं सरकण्यात माझी एवढी वर्षं गेली होती. आज पहिल्यांदा मी ती बसायची त्या बाजूला गेलो होतो. माझे डोळे भरून आले, पण नजर मी हलवली नाही.

वळण संपलं. डबा वाजला नाही.