खांद्यावरचा डाग

माझी मावशी हेलिकॉप्टरच्या सीटचे पट्टे सांभाळायची. रुग्णांना उचलून आणणाऱ्या एका कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कमरेचे आणि खांद्यांवरचे पट्टे तपासायचे, धुवायचे, बाद झालेले कापून टाकायचे, हे तिचं काम. मी तिला 'पट्टेवाली' म्हणायचो आणि पाठीत धपाटा खायचो. विणीतला एक धागा सुटलेला तिच्या बोटांना डोळे मिटूनही कळायचा. वैमानिकसुद्धा तिला वचकून असत. भिंतीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: साधा साबण, कोमट पाणी, सावलीत वाळवणे. दुसरं काही लावाल तर याद राखा.

आणि तिनेच लावलं.

तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, त्याच हेलिकॉप्टरवर नर्स. एक रुग्ण त्याच्या हातांतच गेला आणि रक्ताचा डाग त्याच्या सीटच्या खांद्याच्या पट्ट्यावर राहिला. "आई, तो डाग रोज गालाशी येतो गं," एवढंच तो म्हणाला. साबणाने डाग हटेना, तेव्हा मावशीने घरून ब्लीचची बाटली नेली आणि चोळून चोळून तो काढला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. मला तिचा राग येतो तो इथे, आणि नीट येतही नाही.

बाद पट्ट्यांचे तुकडे ती घरी पिशव्यांना बंद म्हणून शिवायची. उरलेलं ब्लीच वाया जाऊ नये म्हणून तिने एक मळकी पिशवी त्यात रात्रभर भिजत घातली. चार दिवसांनी भर बाजारात तीन किलो बटाट्यांच्या वजनाने तिचा बंद तुटला. मी वाकून बटाटे गोळा करत होतो. ती हातातलं तुटकं टोक बघत उभी होती. शिवण शाबूत होती, ब्लीचमध्ये भिजलेला पट्टाच तुटला होता.

"पोरगा आत्ता त्याच पट्ट्यात वर आहे," ती म्हणाली.

हेलिकॉप्टरच्या तळावर फोन केला. परत यायला चाळीस मिनिटं, आणि दुसऱ्या सीटवर रुग्णाची बायको बसलेली, म्हणजे त्याला जागाही बदलता येणार नव्हती. आम्ही धावत तळाच्या कुंपणाशी जाऊन उभे राहिलो. वारा सुटला होता. मावशी तोंडातल्या तोंडात वाऱ्याला शिव्या देत होती.

हेलिकॉप्टर अलगद उतरलं. मुलगा खाली आला, पण तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तशीच आत चढली आणि कात्रीने पट्टा कापला. वर्कशॉपमधल्या मशीनवर ताणला तर तो ठरलेल्याच्या अर्ध्या जोरालाच तुटला.

"कुणाला कळणारे, बाई? जुना झाला म्हणून लिहू," मुख्य मेकॅनिक म्हणाला.

"मला कळलंय ना."

तिने सगळं लिहून दिलं. तिच्याकडचं पट्ट्यांचं काम काढून घेतलं. आता ती भांडारात खोकी लावते.

मावसभाऊ अजूनही हेलिकॉप्टरवर जातो. बसण्याआधी पट्टा उलटसुलट करून बघतो. कुठे डाग दिसला तर निर्धास्त बसतो. अगदी स्वच्छ असला की मात्र बक्कल लावताना त्याचा हात थांबतो. हे त्याने मला सांगितलंय, आईला नाही.