रत्ना अक्कांच्या नावावर खपवलेली चूक

भुवनाचा निरोप आला तेव्हा मी सिरुसेरीच्या आयटी पार्कमधल्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "अम्मा आज पहाटे गेली. तीन वाजता नेणार." मी टेबलाखाली फोन धरून तो वाचला, हात जोडल्याचं एक चित्र पाठवलं आणि पुढचा तासभर कुठल्याशा प्रॉडक्टच्या तारखेवर वाद घालत बसले. वेस्ट मांबलमला त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा साडेतीन झाले होते. जिना धुतलेला होता आणि शेजारची बाई दारातल्या चपला सरळ करत होती. आत भुवना ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून म्हणाली, "तुमची याद काढली अम्मानें, परवाच." तेव्हाच खरं सांगायचं होतं, पण मी तोंड उघडलं नाही. ते उघडायला मला सहा आठवडे लागले आहेत.

भुवना म्हणजे रत्ना अक्कांची एकुलती एक मुलगी, शाळेत शिक्षिका. घरात मराठी बोलते, पण ती तंजावूरची, चारशे कोस लांब राहून जुनी झालेली. देवनागरी तिला वाचता येत नाही. "तुम्ही अम्मावर अमच्या भाषेंत काही लिहा," असं तिनेच सुचवलं, म्हणून हा लेख. तो छापून आला की तिच्यासमोर बसून मीच तो मोठ्याने वाचून दाखवायचा आहे. यातलं निम्मं तिला ठाऊक नाही.

रत्ना अक्का सरकारी प्रसूतिगृहात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, या मांबलमहून दोन बस बदलून शहराबाहेरच्या वस्तीत जायच्या. नदीकाठच्या झोपड्या उठवून माणसांना नेऊन ठेवलेल्या त्या उंच इमारती आमच्या आयटी पार्कपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तिथल्या बाया आमच्याच कॅम्पसमध्ये फरशा पुसतात. अक्का तिथे जिन्यात बसून गरोदर बायांचे पाय दाबून सूज बघायच्या, आणि ज्यांना मूल नको असेल त्यांना दवाखान्यात घेऊन जायच्या. नर्सम्मा म्हणत त्यांना तिथे. खिडकीवरचा कारकून "नवऱ्याची सही?" म्हणाला की त्या हसून त्यालाच विचारत, "सज्ञान बाई आहे, कायद्यात तिचीच सही लागते, तुमच्याकडे वेगळा कायदा आलाय का?" तो बिचारा कागद पुढे सरकवायचा. बाई खालच्या जातीची, कंत्राटी सफाईवाली असली की तिला बाकावर शेवटपर्यंत ताटकळत ठेवायची आणि वर दोन उपदेश ऐकवायची रीत होती. अक्का तिच्या शेजारी त्याच बाकावर बसून राहायच्या.

मी नाशिकची. नोकरीसाठी इथे आले आणि समाजासाठी काहीतरी करावं असं वाटून, म्हणजे शनिवारी घरी बसून कंटाळा येतो म्हणून, एका छोट्या संस्थेत जाऊ लागले. गर्भपाताबद्दल सल्ला देणारी फोनसेवा चालवत ते लोक. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, लिफ्ट नाही, चर्चा इंग्रजीत. अक्का तिथे वस्तीचा दुवा म्हणून यायच्या. मी कोपऱ्यात फोनवर आईशी बोलत होते, ते ऐकून जवळ येऊन म्हणाल्या, "मराठी काय मा तूं? कोठलीं तुम्ही?" परक्या गावात आपली भाषा ऐकून मी विरघळलेच. पुढच्या शनिवारी त्यांच्या घरी जेवले. ताटात उडदाच्या पिठाचं डांगर होतं, दह्यात कालवून वर मोहरीची फोडणी दिलेलं. माझी आई करते तसंच, पण त्या त्याला पच्चडी म्हणत.

त्यांचं बोलणं मला फार गोड वाटायचं. ते 'न्हवे', ते 'मज', ते मधूनच येणारं लाडाचं तमिळ 'मा'. त्यांची वाक्यं मी फोनमध्ये टिपून ठेवायचे आणि रात्री घरच्या ग्रुपवर टाकायचे. नाशिकला सगळे पोट धरून हसत, बाबा म्हणत, म्हाताऱ्या पणजीला भेटल्यासारखं वाटतं. मी ते प्रेमानेच करत होते, अशी माझी समजूत होती. आज कळतं की त्या कसं बोलतात तेवढंच मी ऐकत होते. काय म्हणतात ते ऐकायचं राहूनच जायचं…

संस्थेत माझा रुबाब लवकर वाढला. ऑफिसात आम्ही गिऱ्हाइकाच्या तक्रारी जशा हाताळतो तशीच शिस्त मी तिथे आणली. प्रत्येक फोनला एक क्रमांक, आणि आठ दिवसांनी त्या बाईला आपण उलट फोन करून ती बरी आहे ना, समाधानी आहे ना हे विचारल्याशिवाय तो क्रमांक बंद करायचा नाही. सगळ्यांना पटलं. मोठ्या देणगीदारांना असलं फार आवडतं. अक्का एकट्याच मान हलवत होत्या. इंग्रजी संपायची वाट पाहून त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "फोन तिचा न्हवे मा. दिवसां सासूच्या हातीं, सांजे नवऱ्याच्या. तूं कोणाला विचारशील, बरी आहे का म्हणून?" मी हसले. 'सासूच्या हातीं' मला इतकं आवडलं की मी ते तिथल्या तिथे टिपून घेतलं. मग त्यांना समजावलं, "अक्का, आपली काळजी पोहोचायला नको का?" बाकीच्यांनी विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, काही नाही, सावध राहायला सांगतायत. भाषांतर एवढंच केलं मी.

मलर ही त्या वस्तीतली चोवीस वर्षांची बाई, दोन मुलांची आई. तिसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा एका दुपारी तिने नवऱ्याचा फोन घेऊन आमच्या नंबरवर बोलून घेतलं. अक्का तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या, सगळं नीट पार पडलं, ती कामावर जाऊ लागली. आठ दिवसांनी संध्याकाळी सात वाजता नियमाप्रमाणे आमचा फोन गेला. उचलला नवऱ्याने. आमची मुलगी नवीन होती. तिने मलर आहेत का म्हणून विचारलं, आणि समोरच्याने कोण बोलतंय म्हटल्यावर सेवेचं पूर्ण नाव सांगितलं. मलरचे दोन दात गेले. सासूने कपड्यांचं गाठोडं जिन्यात फेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का तिथे पोहोचल्या. इमारतीच्या अंगणात सगळ्यांसमोर त्या नवऱ्याला म्हणाल्या, त्या सेवेला पहिला फोन मी केला होता. दुसऱ्या गावच्या एका बाईसाठी. माझा फोन बंद पडला होता म्हणून मलरकडून मागून घेतला आणि नाव विचारलं तेव्हा तोंडात आलं ते, तिचंच, दिलं. तिला यातलं काही माहीत नाही. साठी उलटलेली बाई, नर्स, त्यांच्या बायकांची बाळंतपणं निभावणारी… लोकांनी विश्वास ठेवला. मलर घरात परत गेली. मग सगळा राग अक्कांवर फिरला. लोकांच्या सुनांची नावं खराब करणारी, पोटं पाडत फिरणारी म्हातारी म्हणून सासूने त्यांना फाटकापर्यंत हाकललं. ज्या जिन्यात त्या सात वर्षं बसल्या त्या जिन्यात पुन्हा पाय ठेवायचा नाही असं ठरलं. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं, बसथांब्यावरून फोन करून, धापा टाकत.

संस्थेत चौकशी झाली आणि अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं इंग्रजी चांगलं. मी अक्कांना विचारलं, "तिथे सांगितलंत तेच लिहू का?" त्या म्हणाल्या, "तिथें तेंच सांगितलें, तर इथेंही तेंच असूं दे. कागद फिरतो. त्या पोरीचें घर मोडूं नये. पण तो फोन करणें बंद कर, मा." मलरला वाचवायचं तर तिचं नाव गाळून खरं लिहिता आलं असतं. 'आमच्या नियमामुळे एका स्त्रीला मार बसला' एवढं एक वाक्य पुरलं असतं, आणि नियम कोणाचा ते सगळ्यांना कळलं असतं. मी लिहिलं, 'स्वयंसेविकेने लाभार्थीचा फोन तिच्या संमतीविना वापरला.' अक्कांनीच तर सांगितलं, म्हणून हायसं वाटलं. महिन्याभरात त्यांचं नाव संस्थेच्या यादीतून निघालं. उलट फोनचा नियमही मी गुपचूप काढून टाकला.

आणि वर काय केलं तेही सांगते. वर्षभराने एका मोठ्या हॉटेलात परिषद होती. विषय होता, गर्भपाताच्या हक्काची चळवळ वंचित स्त्रियांपर्यंत कशी न्यायची. मी सिल्कची साडी नेसून मंचावर गेले आणि पडद्यावर पहिलंच वाक्य दाखवलं, 'फोन तिचा नसतो.' आमच्या अनुभवातून आम्ही हे शिकलो, असं म्हणाले. टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी दोघीतिघींनी येऊन ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्या दालनात वस्तीतली एकही बाई नव्हती. असायला हवी होती असं त्या दिवशी मला वाटलंही नाही.

त्यानंतर दोनदा अक्कांकडे जेवले. त्यांनी कामाचं विचारलं, आईच्या गुडघ्याचं विचारलं. एकदाच, भात वाढताना, हसत म्हणाल्या, "माझें बोलणें लिहून घेतेस का अजून?" मी नाही म्हटलं. "कां मा? संपलें काय?" त्यांचं हसणं निर्मळ होतं. त्या दिवशी बोलायचं होतं. पाणी प्यायले आणि दुसराच विषय काढला.

त्या गेल्यावर तेराव्या दिवशी मी संस्थेला पत्र लिहिलं. सगळं खरं. उत्तर सौजन्याचं आलं. प्रकरण जुनं आहे, तरी तुमचं म्हणणं नोंदीला जोडून ठेवतो, आपल्या दुःखात सहभागी आहोत. मेलेल्या माणसाला निर्दोष ठरवायला कोणाचंच काही जात नाही, हे मला तेव्हा समजलं.

त्याच आठवड्यात ऑफिसात माझं टेबल पुसणारी बाई थांबली आणि तमिळमध्ये म्हणाली, "नर्सम्माच्या घरी जाऊन आलात ना?" मी चमकून तिच्याकडे पाहिलं. बोलताना ती ओठ मिटून घेत होती. "मी मलर," ती म्हणाली. दोन वर्षं ती माझं टेबल पुसत होती. अक्कांनी मला लांबून दाखवलं होतं तिला, मी कॅबमध्ये चढत असताना, आणि काही अडलं तर हिला सांग म्हणाल्या होत्या. मी माझ्या मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं की तो फोन माझ्या नियमाने गेला होता आणि दोष मी अक्कांवर ढकलला. तिने फडकं पिळलं. "माहीत आहे," ती म्हणाली. "त्या म्हणायच्या, पोरगी वाईट नाही, ऐकायला वेळ लागतो तिला."

मग तिच्याकडूनच कळलं. वस्तीची दारं बंद झाल्यावर अक्का घरी बसल्याच नव्हत्या. दर गुरुवारी दुपारी, सफाईवाल्या बायांची कामाची पाळी बदलते तेव्हा, त्या आमच्या पार्कच्या फाटकासमोरच्या बसथांब्यावर येऊन बसत. पिशवीत फुलं आणि दोरा. बायका बसची वाट पाहायला म्हणून शेजारी टेकत, अक्का गजरा ओवत खाली मान घालून ऐकत, आणि कोणी कधी, कुठल्या दवाखान्यात भेटायचं ते ठरे. नंबर नाही, नाव नाही, कागद नाही. दोन वर्षं. माझी कॅब रोज त्या थांब्यावरून जायची. एक म्हातारी गजरे विकते आहे, एवढंच कधीतरी पाहिलं असेन मी.

आता गुरुवारी तिथे मलर बसते. गेल्या गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघाले, रस्ता ओलांडला आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिच्या मांडीवर मोगऱ्याच्या कळ्या होत्या, दोरा तिला अजून नीट ओढता येत नव्हता. मी म्हटलं, मीही येत जाईन दर आठवड्याला, मला काम सांग. तिने मान वर करून पलीकडे पाहिलं. थोड्या अंतरावर निळ्या गणवेशातली एक अगदी तरुण मुलगी उभी होती. दोनदा ती आमच्या दिशेने आली, माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं आणि परत जाऊन उभी राहिली.

"मॅडम," मलर हळूच म्हणाली, "तुम्ही इथे बसलात तर ती येणार नाही."

मी उठले आणि रस्त्याच्या पलीकडे गेले. वळून पाहिलं नाही.