अकरावी लाईन

“बसा ना मॅडम. बसल्याबिगर न्हाई कसं म्हणता?” पारसशेठ म्हणाले.

आमच्या ऑफिसातल्या दोन खुर्च्या त्यांनी एकामागे एक मांडल्या होत्या आणि मध्ये टेप ताणून धरला होता. टेपवर अठ्ठावीस इंच. मी बसले. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले नाहीत. माझी उंची अशी आहे की माझे गुडघे कुठेच टेकत नाहीत.

“बघा, बराबर बसलात! आत्ता दिल्लीला गेल्तो ना, विमानात टेप घेऊनच बसलो. ती एअरहोस्टेस पोरगी माझ्याकडं बघूनच राह्यली. अठ्ठावीस इंच! लोकं एवढे पैसे भरून गुडघे दुमडून बसून राह्यले, वरून थँक्यू म्हणून उतरून राह्यले. अन माझ्या गाडीत एकतीस. मी काय धर्मशाळा काढली?”

मी जालन्याच्या एमआयडीसीत बसच्या बॉडी बांधणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लेआउट बघते. कंपनीकडून नुसती चासी येते, म्हणजे इंजिन, चाकं आणि खालचा सांगाडा. वरचं सगळं घर आम्ही बांधतो. कुठली सीट कुठे, दार कुठे, वाट किती, हे ड्रॉइंग माझं आणि त्याखालची सहीही माझी. पारसशेठ ट्रॅव्हल्सवाले. राजस्थानातून आलेलं घराणं, पण तीन पिढ्या जालन्यात काढलेल्या. माणूस दिलदार, फक्त स्वतःची गाडी सोडून.

वादाचा विषय होता पिच. एका सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. गादी, पाठीची जाडी आणि तुमचे पाय, सगळं त्यातच बसवायचं. दहा लाईनी एकतीसनं बसवल्या की तीनशे दहा इंच लागतात. अकरा लाईनी अठ्ठाविसानं बसवल्या तर तीनशे आठ. म्हणजे गाडी तेवढीच, लाईन एक जास्तीची.

शेठचं म्हणणं खोटं नव्हतं. डिझेल तेवढंच लागतं, टोल तेवढाच, ड्रायव्हरचा पगार तेवढाच. दहा लाईनींत खर्चा निघतो, अकरावी लाईन म्हणजे निव्वळ कमाई. विमान कंपन्या हेच करतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

माझी अडचण गुडघ्यांची नव्हती, इमर्जन्सी गेटची होती. बसच्या उजव्या अंगाला मागे एक जादा दार असतं. पुढचं दार अडलं तर माणसं तिथून बाहेर काढायची. अकरावी लाईन टाकली की एक सीट त्या दाराच्या तोंडात येत होती. कागदावर वाट उरत होती, जेमतेम, नियमात बसेल एवढी. पण त्या वाटेतून माणूस काढायचा म्हणजे पोत्यातून शेळी काढल्यासारखं झालं असतं.

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले.

शेठ गेल्यावर आमचे मालक बोराडे साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “नियमात बसतंय ना?”

“बसतंय.”

“मंग?”

“मंग काय साहेब? नियम बसतोय, माणूस बसत नाही.”

“चार गाड्यांचं काम आहे, सुनंदाताई. तो दुसऱ्या शहरात घेऊन जाईल. वेल्डिंगच्या शेडमध्ये जाऊन बघा, पोरं हातावर हात ठेवून बसलीत. तुम्ही नाही केली तर मला सही करणारा दुसरा बघावा लागंल.”

हे त्यांनी रागानं म्हटलं असतं तर मी भांडले असते. पण ते खाली बघून बोलले. घरात मी एकटी कमावती आणि या वयात मला कोण नवी नोकरी देणार होतं? तरी तोंडातून निघून गेलं, “आधी ट्रायल घ्या. त्यांच्या एका चालू गाडीत अकरा लाईनी बसवू. लोकांना बसवून फिरवू. ठीक निघालं तर सही करते, नाही निघालं तर तुम्ही शेठला सांगायचं.”

शेठनं हे एका पायावर कबूल केलं. त्यांच्या पुतण्याचं लग्न तोंडावर होतं, मुलीकडचे कुंभार पिंपळगावचे. “वऱ्हाडच घेऊन जाऊ ना! घरचे लोक, शेजारपाजार, दुकानातली माणसं. तुम्ही बी चला मॅडम, जेवा, अन तुमच्या कानानं ऐका.” लागणारी तात्पुरती परवानगी शेठनंच आणली. कशी आणली, ते मी विचारलं नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी अकरा लाईनींची बस निघाली. शेठ आणि त्यांचे दोन मेहुणे कारनं पुढे गेले. मी मागच्या लाईनीत बसले. अंबड मागे पडेपर्यंतच मला दिसायला लागलं की आम्ही दोघंही चुकीचं मोजत होतो. आमचा टेप लोंबत्या पायांचा होता. इथल्या बाया पाय लोंबते ठेवून तासभरसुद्धा बसत नाहीत. शेठच्या शेजारच्या गंगामावशींनी चपला खाली सोडल्या आणि एक पाय वर घेतला. गुडघा पुढच्या सीटच्या पाठीत रुतला. त्यांनी तो आडवा केला, तर शेजारणीच्या मांडीवर आला. मग पाय खाली, थोड्या वेळानं पुन्हा वर. वडीगोद्रीला चहाला गाडी थांबली, तेव्हा मावशी सीटच्या दांडीला धरून उठल्या आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. पाय सरळ होईना.

मी विचारलं, “मावशी, जागा कमी पडली का?”

“छे बाई, बिलकुल न्हाई! मस्त गाडी हाय शेठची. गादी बी मऊ हाय.”

मी दहा जणांना विचारलं. सगळे म्हणाले, एकदम बराबर. एक बाप्या तर मांडी चोळत चोळत म्हणाला. मला इतका संताप आला की चहा तसाच ठेवला. अरे, बोला ना! माझी नोकरी टांगणीला लागली आहे आणि तुम्ही गादीचं कौतुक सांगता?

मांडवात शेठनं मला हाक मारली. ते सगळ्यांना विचारून बसले होते. “काय मॅडम, एक तरी तक्रार? एक?”

“नाही,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

“उद्या सही.”

“उद्या सही,” मी म्हणाले.

जेवणं झाली, निघायची वेळ झाली, आणि बसच्या दारात कुणी येईना. गंगामावशी शेठच्या कारपाशी जाऊन उभ्या राहिल्या. “शेठ, मला जरा जल्दी घरी जायचं हाय, म्हस वाट बघत आसंल.” त्यांच्या मागे शेठची थोरली बहीण, तिला चक्कर येत होती. मग एक मामा, त्यांना कारच्या ड्रायव्हरशी काही बोलायचं होतं. आणखी दोन म्हातारे काहीच न बोलता आत जाऊन बसले. लग्नघरचा यजमान म्हाताऱ्या माणसांना खाली उतरवतो का? शेठ आणि मेहुणे बसमध्ये आले. तोवर बाकीच्यांनी जागा धरल्या होत्या. एकच सीट सगळ्यांनी सोडली होती, इमर्जन्सी गेटच्या तोंडातली. शेठ तिथे, माझ्या पुढच्याच लाईनीत बसले. धिप्पाड माणूस. गुडघे पुढच्या पाठीला लागले, तसे त्यांनी ते तिरके केले आणि माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघायला लागले.

मुलीकडच्यांनी परतताना प्रत्येकाला फराळाचा स्टीलचा डबा दिला होता. लग्नाचा डबा कुणी डिकीत टाकत नाही. सगळे डबे पायाशी आले. शेठच्या पुढचा मेहुणा सीट मागे पाडून घोरायला लागला. सीटची पाठ शेठच्या मांड्यांवर आली. यजमानानं पाहुण्याला उठवायचं कसं? शेठ तसेच बसून राहिले.

अंकुशनगरच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या. आमचे ड्रायव्हर सलीमभाई त्याला ओलांडायची संधी बघत होते. तेवढ्यात ट्रॉली एकदम डावीकडे हेलकावली आणि ट्रॅक्टर थांबला. सलीमभाईंनी करकचून ब्रेक दाबला. गाडी वाचली, पण डावं चाक साईडपट्टीच्या खाली उतरलं आणि पुढचं दार ट्रॉलीतून डावीकडे लोंबणाऱ्या उसाला भिडलं. दार उघडेना. सलीमभाईंनी गाडी मागे घ्यायला जोर लावला, पुन्हा लावला, आणि पुढून जळका वास आला. मग धूर.

“आग लागली!” कुणीतरी ओरडलं.

सलीमभाईंनी इंजिन बंद केलं. “मागच्या दारानं! सगळे मागच्या दारानं उतरा!”

सगळी गाडी माझ्या अंगावर आली. बाया सीटवर घेतलेले पाय खाली सोडायला बघत होत्या आणि खाली डबे होते. “माझी चप्पल!” “अगं मरू दे चप्पल!” शेठच्या दुकानातल्या मुनीमाची सून तान्हं बाळ छातीशी धरून माझ्या पाठीशी उभी होती. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता. दाराचा दांडा शेठच्या खांद्यापाशी होता.

“शेठ, दांडा ओढा!”

“उठता येईना!” शेठ ओरडले. पुढची पाठ मांड्यांवर, खाली डबा, बाजूला भिंत. त्यांनी जोर केला, तसे आणखी आत रुतले. “मॅडम, पाय अडकला! पाय!”

एवढा मोठा माणूस, पण आवाज लहान लेकराचा. मी दोन सीटच्या मधून आडवी झाले, मेहुण्याच्या रिकाम्या सीटचा खटका दाबला आणि पाठीला खांदा लावला. पाठ सरळ झाली. मग शेठच्या अंगावरूनच हात घालून दांडा ओढला. दार उघडलं. शेठ आधी पडले, मग त्यांनीच खाली उभं राहून बाळ झेललं.

सगळे उतरले. धूर तोवर विरळ झाला होता. सलीमभाई गाडीखाली वाकून बघून आले. “आग न्हाई. क्लच प्लेट जळाली फकत.”

तेव्हा मला रडू आलं आणि रडता रडता राग आला. “शेठ, विमानातून माप आणलंत! विमानात दार कसं उघडायचं ते सांगायला माणूस उभा असतो. दारापाशी पायात पिशवीसुद्धा ठेवू देत नाहीत. सीट सरळ करा म्हणून दम देतात. ते का नाही आणलंत?”

शेठ एकाच पायात बूट, असे दगडावर बसले होते, गुडघा चोळत. ते वऱ्हाडाकडे वळले. “सकाळी मी एकेकाला विचारलं. का न्हाई बोलले तुम्ही?”

मुनीम खाली मान घालून म्हणाले, “शेठ, लग्नाच्या आवतनावर आल्तो. लग्नघरी तक्रार करतं का कुणी?”

शेठ लंगडत त्या उघड्या दारापाशी जाऊन आले. मग मला म्हणाले, “ती लाईन काढून टाका.”

चारही गाड्या दहा लाईनींच्या बांधल्या. गेटपाशी मोकळी वाट ठेवली. त्या ड्रॉइंगवर मी सही केली. बोराडे साहेबांनी त्या दिवशी सगळ्या शेडला चहा पाजला. खर्चा भरून काढायला शेठनं भाडं वाढवलं. त्यावर मात्र गंगामावशींपासून मुनीमापर्यंत सगळ्यांनी शेठला तोंडावर सुनावलं, आणि तिकीट काढून बसले.

तेव्हापासून ट्रायलला मी कुणाला ‘कसं वाटलं’ म्हणून विचारत नाही. परतीला कोण बसलं, ते बघते.