लेपेकाचा वाटा

माझ्या धाकट्या भावाला, सकालियाला, मासे वाटायला सांगा. दोनशे असोत नाही तर सात, किनाऱ्यावर घरटी एक ढीग लावील. विधवेला, तान्ह्या पोरालासुद्धा, सगळ्यांना सारखं. तीस वर्षं इनातीचं, म्हणजे गावाच्या सामाईक माशांचं, वाटप त्याच्याच हातचं, कुणी ब्र काढला नाही. पण एका कागदावर एक फुली मारायची म्हटल्यावर गडी पार गोंधळला.

आमच्या या टोकेलाऊ बेटांनी न्यूझीलंडच्या हाताखालून निघून आपला कारभार आपण बघायचा का? हो की नाही? हे दुसऱ्यांदा विचारत होते. तिकडचे साहेब आले, सभा झाली. म्हणे, कारभार आपला, पण पासपोर्ट तोच, बोट येणार, औषधं येणार, काही बदलणार नाही.

"काहीच बदलणार नाही, तर विचारता कशाला?" सकालिया उभा राहून म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, पण उत्तर मला तरी कुठं ठाऊक होतं!

त्याचा जीव अडकला होता लेपेकात. एकुलती एक लेक, सतरा वर्षं तिकडं न्यूझीलंडात, वेलिंग्टनजवळ. हो म्हटलं तर ती परकी होईल का? नाही म्हटलं तर बाप भित्रा निघाला म्हणेल का? उठता बसता हेच. शेवटी मीच फोन लावून दिला.

"बाबा, मला काय विचारता?" ती म्हणाली. "इथं राहणाऱ्यांना मतच नाही. तुमचं तुम्ही ठरवा. मी आता तिथली कुठंय?"

फोन माझ्या हातात देऊन तो किनाऱ्याकडं निघून गेला. मला तर अस्सा राग आला त्या पोरीचा!

मतदानाच्या सकाळी होड्या कुपे मासे भरून आल्या. सकालिया मत टाकून आला तो तसाच वाटपाला बसला. एकेका घराचं नाव पुकारलं, एकेक ढीग उचलला गेला. एक उरला.

"लेपेका!" तो ओरडला.

कुणी हललं नाही. पंचायतीतला म्हातारा पेतेलो म्हणाला, "अरे, ती पोर गाव सोडून सतरा वर्षं झाली. डोकं फिरलं का तुझं?"

सकालिया ढिगाकडे बघतच राहिला. "मी मोजूनच लावले होते," म्हणाला.

मला राहवेना. पुढं झाले आणि ढीग उचलला. "बघताय काय? आत्या आहे मी तिची!" घरी नेऊन मासे खारवले, वाळवले आणि तिकडं निघालेल्या नर्सबाईंबरोबर पाठवले.

निकाल लागला. 'हो'ला दोन तृतीयांश मतं हवी होती, थोडक्यात हुकलं. ज्यांना वाईट वाटलं ते रडले, ज्यांना बरं वाटलं तेही रडले.

"तू काय केलंस रे?" मी विचारलं.

"कोरा टाकला, अक्का. दोनच चौकोन होते. तिचा कुठला ते कुणी सांगेना."

"शहाणाच आहेस!" मी खेकसले. मी स्वतः 'हो'वर फुली मारली होती आणि घरी येईपर्यंत पस्तावले होते.

महिन्यानं लेपेकाचा फोन आला. आवाज रडवेला.

"बाबा, मासे पोचले. इथल्या आपल्या अकरा घरांत वाटले. एकेकाचं नाव पुकारून, तुमच्यासारखं."

"पुरले का?"

"नखाएवढं आलं. पण सगळ्यांना सारखं."

सकालियानं डोळे पुसले. मग एकदम मोठ्यानं म्हणाला, "मग सांग पोरी, फुली कुठं मारू?"

"अहो बाबा, मतदान होऊन महिना झाला!"

"ते ठाऊक आहे गं. पण तुझं मत राहिलंय ना."